उमी-शिबाउरा: बाहेर पडता न येणाऱ्या स्टेशनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानला येणारे मित्र, नातेवाईक आणि नातेवाइकांचे नातेवाईक मला हेच प्रश्न विचारत असतात. दर वेळी फोनवर पाऊण तास घालवण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढलं. फुजी, क्योतो, बुलेट ट्रेन यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. हे फक्त एका लहानशा लोकल स्टेशनाबद्दल आहे.

हे स्टेशन नक्की आहे कुठे?

योकोहामा शहराच्या त्सुरुमी विभागात, समुद्रात भराव टाकून केलेल्या जमिनीच्या अगदी टोकाला. तोक्यो आणि योकोहामा यांच्यामध्ये कावासाकी आणि त्सुरुमीच्या किनाऱ्यावर कारखान्यांचा जो सलग पट्टा आहे त्याला 'केइहिन' म्हणतात. पोलाद, तेलशुद्धीकरण, रसायनं, वीज, पीठगिरण्या असं सगळं तिथे आहे. या पट्ट्याच्या पोटातून जेआर ईस्ट कंपनीची त्सुरुमी लाइन धावते. मुख्य मार्ग त्सुरुमी ते ओगिमाची, फक्त 7 किलोमीटर. त्याला दोन फाटे फुटतात: एक ओकावाचा, 1 किलोमीटरचा, आणि दुसरा उमी-शिबाउराचा, 1.7 किलोमीटरचा. सगळं मिळून दहा किलोमीटरही भरत नाही. आपल्याकडे दादरहून अंधेरीला जाताना याच्याहून जास्त अंतर होतं.

तिथून बाहेर पडता येत नाही, हे खरं का?

खरं आहे. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच.

फलाट संपतो तिथे एक फाटक आहे आणि फाटकापलीकडे तोशिबाचा कारखाना. वीजकेंद्रांना लागणारी टर्बाइन आणि जनित्रं बनवणारा हा कारखाना इथे 1925 पासून आहे. कामगाराने ओळखपत्र दाखवायचं आणि आत जायचं. तुमच्याकडे ओळखपत्र नाही, म्हणजे तुमच्यासाठी स्टेशन तिथेच संपलं. दुसरा रस्ता नाही, जिना नाही, रिक्षा नाही. एका बाजूला कारखाना, दुसऱ्या बाजूला पाणी. आलात तसे गाडीनेच परत जायचं.

फाटकावरच्या रखवालदाराशी हुज्जत घालायला जाऊ नका. 'फक्त एक फोटो, दोन मिनिटं' हे वाक्य तो रोज ऐकत असणार. तो नम्रपणे वाकून नाही म्हणेल, पण त्याचा अर्थ नाही असाच आहे.

मग तिथे जायचं तरी कशाला?

फलाटासाठी. फलाटाच्या कठड्याला टेकून खाली पाहिलं की थेट पाणी दिसतं. मध्ये रस्ता नाही, वाळू नाही, दगडही नाहीत. हे पाणी केइहिन कालव्याचं. कालवा म्हणजे पाटबंधाऱ्याचा नव्हे, भरावाच्या जमिनींमध्ये जहाजांसाठी सोडलेला समुद्राचा रुंद पट्टा. समोर पाण्यापलीकडे ओगिशिमा बेट, तेही माणसाने केलेलं. उजवीकडे नजर वळवली की 1994 साली खुला झालेला त्सुरुमी त्सुबासा पूल दिसतो. 'त्सुबासा' म्हणजे पंख. पाहिल्यावर नाव का दिलं ते सांगावं लागत नाही. त्याच्यामागे, हवा स्वच्छ असेल तर, योकोहामा बे ब्रिज.

संध्याकाळी कारखान्यांचे दिवे लागतात, पूल उजळतो आणि पाणी काळं होतं. जपानमध्ये 'कारखान्यांचा रात्रीचा देखावा' ही आता पर्यटनाची स्वतंत्र शाखा आहे. कावासाकीच्या कालव्यांमधून त्यासाठी बोटी निघतात आणि लोक पैसे देऊन कारखान्यांची धुराडी पाहतात. इथे तेच लोकलच्या तिकिटात पाहायला मिळतं.

बागेबद्दल ऐकलं होतं. ती कुठे आहे?

स्टेशनाला चिकटूनच. लोक नुसतं समुद्र पाहायला येऊ लागले, पण बाहेर पडता न आल्याने फलाटावरच ताटकळत उभे राहायचे. तेव्हा तोशिबा कंपनीनेच आपल्या आवाराची एक पट्टी त्यांच्यासाठी सोडली आणि 1995 मध्ये तिथे 'उमीशिबा कोएन' ही लहानशी बाग केली. कोएन म्हणजे बाग. सकाळी 9 ते रात्री साडेआठ उघडी असते, पैसे पडत नाहीत. बसायला बाकडी आहेत. 'बाग' या शब्दावरून कमला नेहरू पार्क डोळ्यांसमोर आणू नका. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायला दोन मिनिटं पुरतात.

मला या बागेची गोष्ट आवडते ती एवढ्यासाठी, की कोणी मोर्चा काढला नव्हता आणि कंपनीवर कसलं बंधनही नव्हतं. पाहुणे उभे आहेत, त्यांना बसायला तरी द्यावं, एवढाच विचार. तेव्हा आपणही पाहुण्यासारखंच वागावं. कारखान्याच्या बाजूला कॅमेरा वळवू नये. पाण्याचे फोटो हवे तेवढे काढा.

जायचं कसं?

आधी त्सुरुमी स्टेशन गाठा. योकोहामाहून केइहिन-तोहोकु लाइनच्या निळ्या पट्ट्याच्या गाडीने दहा-बारा मिनिटं. कावासाकीहून एकच स्टेशन. लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच, की तोकाइदो लाइनची जलद गाडी त्सुरुमीला थांबत नाही. घाईघाईत नारिंगी-हिरव्या पट्ट्याच्या गाडीत चढलात तर त्सुरुमी खिडकीतून मागे जाताना दिसेल, थेट कावासाकीला उतराल.

त्सुरुमीला त्सुरुमी लाइनचे फलाट वरच्या मजल्यावर आहेत. कमानींचं जुनं छप्पर, 1934 सालचं. वर गेलात की आपण शहरातल्या चकचकीत स्टेशनातून कुठल्या तरी जुन्या काळात आलो असं वाटतं. 2022 पर्यंत खालच्या स्टेशनातून वर जाताना मध्ये तिकीट तपासणारी वेगळी फाटकं होती, कारण या लाइनवर त्सुरुमी सोडलं तर एकाही प्रवासी स्टेशनावर तिकीट तपासनीस नाही. 1971 पासून हे असंच आहे.

गाडीचं शेवटचं स्टेशन पाहूनच चढा. एकाच फलाटावरून ओगिमाची, ओकावा आणि उमी-शिबाउरा अशा तिन्हीकडच्या गाड्या सुटतात. चुकीच्या गाडीत बसल्याचं मध्येच कळलं तर आसानो स्टेशनात उतरा. उमी-शिबाउराचा फाटा तिथूनच फुटतो. त्सुरुमी ते उमी-शिबाउरा प्रवास साधारण 11 मिनिटांचा. आसानोनंतर डावीकडची खिडकी रिकामी असेल तर ती धरा, थोड्याच वेळात पाणी दिसू लागतं.

गाड्या किती असतात?

हा प्रश्न आधी विचारायला हवा. बहुतेक जण परत येताना विचारतात.

सकाळी आणि संध्याकाळी, कारखान्याच्या वेळेला, गाड्या बऱ्यापैकी आहेत. दुपारी मात्र दोन गाड्यांमधलं अंतर बरंच वाढतं. शनिवार-रविवारी आणि सुट्टीला आणखी विरळ. लाइन प्रवाशांच्या सोयीसाठी आखलेली नाही, पाळीच्या भोंग्यावर आखलेली आहे, असं समजा म्हणजे वेळापत्रक पटेल. आलेली गाडी काही मिनिटं थांबून तीच परत फिरते. तेवढ्यात फोटो काढून तिनेच परतणारे बरेच असतात. मी म्हणेन, दुपारी उशिरा जा, एक गाडी मुद्दाम सोडा आणि दिवे लागल्यावर परत या. परतीची वेळ मात्र आधीच लिहून ठेवा.

तिकिटाचं काय? बाहेरच पडायचं नाही, मग फुकट येऊन-जाऊन चालेल?

आपल्या लोकांचा लाडका प्रश्न. चालणार नाही.

बागेकडे जाताना वाटेत कार्ड टेकवण्याचं साधं यंत्र आहे. सुइका (आधी पैसे भरून ठेवायचं रेल्वेचं कार्ड) किंवा तसलंच दुसरं कार्ड असेल तर तिथे 'उतरलो' म्हणून टेकवा आणि परत निघताना 'चढलो' म्हणून पुन्हा टेकवा. कोणी पाहत नाही. तिकिटाचं फाटक नाही, तपासनीस नाही. पण कार्डावर प्रवास अर्धवट राहिला तर पुढच्या स्टेशनात फाटक बंद होतं, लाल दिवा लागतो आणि मागची रांग थांबते. त्यापेक्षा भाडं देणं स्वस्त. कागदी तिकिटाच्या भानगडीत पडूच नका, विमानतळावरच कार्ड घ्या.

'उमी-शिबाउरा' याचा अर्थ काय?

'उमी' म्हणजे समुद्र. 'शिबाउरा' हा मुळात तोक्योतला भाग. तिथे शिबाउरा सेइसाकुशो नावाचा यंत्रांचा कारखाना होता. त्यानेच पुढे त्सुरुमीला हा कारखाना काढला आणि गावाचं नाव सोबत आणलं. 1939 मध्ये ही कंपनी तोक्यो देनकी या कंपनीत मिसळली आणि झाली तोक्यो शिबाउरा देनकी. तोक्योचा 'तो' आणि शिबाउराचा 'शिबा' जोडून तोशिबा. म्हणजे आपल्या घरातल्या जुन्या टीव्हीवर जे नाव होतं त्यातलं अर्धं याच स्टेशनाच्या पाटीवर आहे.

अलीकडचं स्टेशन शिन-शिबाउरा, म्हणजे 'नवं शिबाउरा'. तिथवर रूळ 1932 मध्ये आले. उमी-शिबाउरा 1 नोव्हेंबर 1940 ला सुरू झालं.

बाकीच्या स्टेशनांची नावं माणसांची आहेत म्हणे?

हो, आणि माझ्या मते या लाइनची खरी गंमत समुद्रात नाही, या पाट्यांत आहे.

गोष्ट सुरू होते आसानो सोइचिरो या माणसापासून. जन्म 1848, तोयामाकडच्या एका वैद्याच्या घरातला. तरुणपणी तोक्योला आला तेव्हा जवळ काही नव्हतं. रस्त्यावर साखरेचं गार पाणी विकलं. मग योकोहामात वस्तू बांधायला लागणारी बांबूची साल विकली, मग कोळसा. गॅस कंपनीत कोळसा जाळल्यावर कोक उरायचा, तो कोणाला नको होता. आसानोने तो उचलला आणि सिमेंटच्या भट्टीला विकला. योकोहामात सार्वजनिक शौचालयं बांधून त्यातून खताचा धंदाही केला. दुसऱ्यांनी टाकलेल्या वस्तूत पैसा पाहणारी नजर होती त्याची. सरकारचा चालत नसलेला सिमेंट कारखाना हाती घेऊन तो सिमेंटसम्राट झाला.

1896-97 मध्ये तो युरोप-अमेरिका फिरून आला. तिथे जहाज थेट कारखान्याच्या धक्क्याला लागताना त्याने पाहिलं. योकोहामात तेव्हा जहाज दूर उभं करून माल पडावांतून किनाऱ्याला आणत. त्याने ठरवलं, त्सुरुमी-कावासाकीच्या उथळ समुद्रात भराव टाकायचा आणि कारखाने नि धक्का एकाच जागी करायचे. माणसं म्हणाली, वेडा आहे. पैसे उभे केले ते बँकवाल्या यासुदा झेन्जिरोने. 1913 च्या सुमारास काम सुरू झालं आणि पंधराएक वर्षं चाललं. मुंबईकराला भराव टाकणं म्हणजे काय ते समजावून सांगायला नको, आपलं अर्धं शहर त्यावरच उभं आहे.

जमीन झाली, कारखाने आले, मग माल वाहायला 1924 मध्ये त्सुरुमी रिंको रेल्वे कंपनी निघाली. 1926 मध्ये मालगाड्या सुरू झाल्या आणि 1930 मध्ये प्रवासी. समुद्राच्या जागी उगवलेल्या जमिनीला गावांची नावं कुठून असणार? तेव्हा ज्यांचा पैसा त्यांची नावं पाट्यांवर गेली.

आसानो स्टेशन: स्वतः आसानो.
आन्झेन: यासुदा झेन्जिरो, आडनावाचं पहिलं अक्षर आणि नावाचं पहिलं अक्षर जोडून. बोलताना हा शब्द जपानीतल्या 'सुरक्षित' या शब्दासारखाच ऐकू येतो, दुसरं अक्षर मात्र वेगळं. आसपास तेलाच्या टाक्या आहेत, तेव्हा नाव बरंच म्हणायचं.
मुसाशी-शिराइशी: आसानोचा जावई शिराइशी मोतोजिरो. निप्पोन कोकान या पोलाद कंपनीचा संस्थापक.
ओकावा: कागदाच्या धंद्यातला बडा माणूस ओकावा हेइझाबुरो.
ओगिमाची: 'पंख्यांचं गाव'. आसानो घराण्याच्या चिन्हात हातपंखा होता, तो.
शोवा: त्या नावाच्या रसायन कंपनीवरून. कंपनीने 2023 मध्ये स्वतःचं नाव बदललं, स्टेशनाचं तेच राहिलं.

मुंबईत रे रोड, सँडहर्स्ट रोड ही नावं गव्हर्नरांची. एल्फिन्स्टनचं आपण प्रभादेवी केलं. इथे साहेब नव्हते, सावकार आणि कारखानदार होते. पाटी बदलायची मागणी झाल्याचं माझ्या तरी कानावर नाही. रोजच्या कामगाराला 'आसानो' हा माणूस होता हेही आठवत नसावं.

लोकलसारखी गर्दी असते का?

तीन डब्यांची गाडी. 2023 च्या डिसेंबरपासून नव्या ई131 गाड्या आल्या. सकाळी साडेसात-आठला जाऊन पाहा, तीन डबे भरतात. पण कोणी दारात लटकत नाही आणि कोणी बोलतही नाही. हातात जेवणाची पिशवी, पाठीला सॅक. आसानोनंतर डबा हळूहळू रिकामा होतो आणि शेवटच्या स्टेशनात उरलेले सगळे एका दिशेने, एका चालीने फाटकाकडे जातात. त्या वेळी बागेकडे वळणारे तुम्ही एकटेच असाल तर जरा ओशाळल्यासारखं होतं. म्हणून हौशी माणसाने गर्दीच्या वेळी जाऊ नये, कामावर चाललेल्यांची जागा अडवू नये.

ओकावाच्या फाट्याला जावं का?

रेल्वेचं वेड असेल तर जा, एरवी नको. सुट्टीच्या दिवशी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या गाड्या. 1996 च्या मार्चपर्यंत तिथे युद्धापूर्वीचा तपकिरी रंगाचा एकच डबा धावायचा, त्याला निरोप द्यायला लोकांची झुंबड उडाली होती. ती गंमत गेली.

वाटेत आणखी कुठे उतरावं?

कोकुदो. नक्की. त्सुरुमीनंतरचं पहिलंच स्टेशन, 1930 चं. रूळ वर, खाली कमानींचा काळोखा बोळ. दुपारीसुद्धा दिवा लागतो. लाकडी फळ्या, गंजलेल्या पाट्या, आणि बाहेरच्या भिंतीवर दुसऱ्या महायुद्धात विमानांतून झालेल्या गोळीबाराच्या खुणा. त्या बुजवलेल्या नाहीत. 'कोकुदो' म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, स्टेशन महामार्गाला लागून आहे म्हणून हे नाव. तिथून चालत नामामुगीचा मासळीबाजार जवळ आहे, पण तो पहाटेचा. दुपारी गेलात तर फक्त वास मिळेल.

आसानो स्टेशनात मांजरं असतात. फलाटांच्या त्रिकोणी जागेत ऊन खात पडलेली. बऱ्याच जणांना उमी-शिबाउरापेक्षा तीच जास्त आवडतात, याचं मला थोडं वाईट वाटतं.

त्सुरुमीच्या किनाऱ्याकडच्या वस्तीत ओकिनावाहून कामाला आलेल्यांची आणि दक्षिण अमेरिकेतून परतलेल्या जपानी वंशाच्या लोकांची जुनी घरं-दुकानं आहेत. शाकाहारी असाल तर मात्र जेवणाची आशा ठेवू नका.

हवा कशी आहे? एवढे कारखाने म्हणजे प्रदूषण असेल ना?

आज नाक मुरडण्यासारखं नाही. पण हे आपोआप झालेलं नाही. साठ-सत्तरच्या दशकांत कावासाकीच्या या पट्ट्यात दम्याने माणसं घुसमटत होती. 1982 मध्ये रहिवाशांनी कंपन्या आणि सरकारवर खटला भरला. कंपन्यांशी तडजोड व्हायला 1996 उजाडलं, सरकारशी 1999. समोरच्या ओगिशिमावरची शेवटची झोतभट्टी 2023 च्या सप्टेंबरमध्ये विझली, तीही प्रदूषणापेक्षा धंद्याच्या गणिताने. तुम्ही ज्या स्वच्छ आकाशाचे फोटो काढाल त्यामागे हे सगळं आहे.

खायला-प्यायला काही मिळतं? बाथरूम?

दुकान नाही. पाणी आणि खाऊ बरोबर घ्या. बाथरूम त्सुरुमीलाच आटोपून निघा, विशेषतः ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर. डबा बागेत बाकावर बसून खाल्लेला चालतो, पण कचरा पिशवीत घालून घरी आणायचा. हिवाळ्यात वारा नुसता बोचत नाही, कापतो. कानटोपी ठेवा.

आई-बाबांना न्यावं का? त्यांना कंटाळा येईल का?

मी नेलं होतं. आईला वारा झोंबला, ती दहा मिनिटांत गाडीत जाऊन बसली. बाबांनी भोसरीत एका कारखान्यात तीस वर्षं तीन पाळ्यांत काम केलं. मला वाटलं होतं ते पूल पाहतील, निदान जहाज तरी. त्यांनी पाण्याकडे पाठ केली आणि फाटकाकडे तोंड करून बसले. पाच वाजून गेल्यावर माणसं बाहेर येऊ लागली, तशी हाताने मोजायला लागले. मग मला म्हणाले, "विचार ना त्या रखवालदाराला, दुसरी पाळी किती वाजता लागते?"

मी विचारलं नाही. आम्ही पाच चाळीसची सोडली, त्यांना अजून थोडं बसायचं होतं.